गायरान वाचवायचं तर सुरुवात कुठून करायची?

माळावरची

नमस्कार मंडळी. इथे शेतीतली, कायद्यातली, रानावनात फिरणारी बरीच जाणकार माणसं आहेत, म्हणून हा धागा काढतेय. जरा मोठं लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

आमच्या गावाच्या उगवतीला गायरान आहे. सातबाऱ्यावर सरकार, आणि पुढे 'गुरचरण'. क्षेत्र ६४ एकर. लहानपणी भाद्रपदात तिथे गेलं की पवन्या आणि मारवेल गवत गुडघ्याला लागायचं. दिवाळीनंतर सगळा माळ तांबूस व्हायचा आणि परकराला कुसळं चिकटायची, ती आई रात्री दिव्याजवळ बसून एकेक काढायची. आमच्या दोन म्हशी आणि एक गाय या माळावर जगली. विकतचा कडबा आमच्या घरी फक्त चैत्र-वैशाखात यायचा.

गेल्या उन्हाळ्यात तिथे पोकलेन आलं. वरच्या अंगाला सलग समतल चर मारले आणि चरांच्या कडेने गिरिपुष्पाची रोपं लावली. खालच्या अंगाला मुरमाची खाण सुरू आहे, रात्री डंपर चालतात. आणि आता उरलेला तुकडा सौर प्रकल्पाला द्यायचं घाटतंय असं ऐकू येतंय. मी संबंधित कार्यालयात विचारायला गेले. समोरच्या माणसाने नकाशा उघडलाही नाही. "ती पडीकच आहे ना, काहीतरी उपयोग होतोय तर होऊ द्या," म्हणाले.

तो 'पडीक' शब्द तेव्हापासून डोक्यात बसलाय. ज्या जमिनीवर चाळीस घरांची गुरं चरतात ती पडीक कशी?

माहिती अधिकारात सातबारा, गट नकाशा आणि अतिक्रमणाच्या नोंदवहीची, म्हणजे गाव नमुना १-ई ची प्रत मागवली. नोंदवहीत मुरमाच्या खाणीचा उल्लेखच नाही. गायरानाच्या कडेला तीन घरं आहेत, त्यांची मात्र नोंद आहे. पुढे काय करू? थेट उच्च न्यायालयात जाता येतं का? खर्च किती येतो हे आत्ता विचारत नाही, आधी वाट कळू दे.

काळा कोट

जाता येतं, पण आत्ता जाऊ नका. पहिल्याच तारखेला खंडपीठ विचारेल की आधी कोणाकडे दाद मागितली होती. त्याला कागदाने उत्तर देता आलं नाही तर याचिका 'संबंधित अधिकाऱ्याकडे जा' म्हणून निकाली निघते आणि वर्ष वाया जातं. असं होताना मी पाहिलंय, आणि मग गावातली माणसं दुसऱ्यांदा उभी राहत नाहीत.

तुमच्या हातात कायदा चांगला आहे, फक्त तो नीट मांडायला हवा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ खाली जिल्हाधिकारी मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवतो. अशी जमीन दुसऱ्या वापराला द्यायला कलम २२-अ ने बंदी आहे. अपवाद आहेत: सरकारी किंवा सार्वजनिक प्रकल्प असेल आणि दुसरी योग्य सरकारी जमीन उपलब्ध नसेल तर. खासगी प्रकल्पवाल्याला द्यायची वेळ आलीच, तर त्याने बदल्यात दुसरी जमीन द्यावी लागते. 'दुसरी योग्य सरकारी जमीन उपलब्ध नसेल तर' हे शब्द पुन्हा वाचा. दुसरी जमीन नाही हे कोणी तपासलं, कधी तपासलं, त्याचा अहवाल कुठे आहे? हे तीन प्रश्न आजच माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांच्या अर्जावर सगळी बाजू उलटू शकते.

दुसरा आधार जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य, सर्वोच्च न्यायालय, २८ जानेवारी २०११. पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावतळ्यात भर घालून लोकांनी बांधकामं केली होती आणि जिल्हाधिकाऱ्याने किंमत घेऊन ती नियमित करायला सांगितलं होतं. न्यायालयाने ते मोडून काढलं आणि गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करून ग्रामसभेकडे परत देण्याची योजना करा, असं सगळ्या राज्यांना सांगितलं. त्यावरून आपल्याकडे १२ जुलै २०११ चा शासन निर्णय निघाला. निवेदनात दोन्हींच्या तारखा घाला.

आता क्रम सांगतो. सगळ्यात आधी मोजणी. ग्रामपंचायतीने भूमी अभिलेखकडे अर्ज करून गायरानाच्या हद्दी कायम करून घ्यायच्या. हद्दच माहीत नसेल तर अतिक्रमण कशावर झालं ते कसं सांगणार? मग ग्रामसभेचा ठराव. मग तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन, प्रत्येकाची पोच शिक्क्यासह. मुरूम हे गौण खनिज आहे, तो विषय वेगळ्या अर्जात घ्या, कारण कलम ४८(७) खाली बेकायदा उपशाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे आणि ती कारवाई गायरानाच्या वादात अडकून पडायला नको.

ठराव होत नसेल तर सदस्यांपैकी कोणाचं अतिक्रमण आहे का ते बघा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४(१)(ज-३) खाली सरकारी जागेवर अतिक्रमण असलेला माणूस सदस्य राहू शकत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जनाबाई प्रकरणात सांगितलं की अतिक्रमण मुळात नवऱ्याने किंवा सासऱ्याने केलेलं असलं, तरी त्या जागेत राहणाऱ्या सदस्यालाही ते लागू होतं.

कसेल त्याची

मी मराठवाड्यातून लिहितोय. माळावरची ताई, तुमची कळकळ पोचली. काळा कोट यांनी सांगितलेलं कायद्याने बरोबर आहे. तरी 'अतिक्रमण' हा शब्द या धाग्यावर इतक्या सहज येतोय म्हणून थांबून लिहितो.

आमचं घर गायरानावर आहे. आजोबांनी दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहात तुरुंग पाहिला. १९५९ चा सत्याग्रह, मग १९६४ चा देशव्यापी. गावात ज्यांच्या नावावर एक गुंठा नव्हता त्यांनी गायरानाचा खडकाळ तुकडा फोडून त्यात ज्वारी काढली. चरायला गुरं त्यांच्याकडे कुठली असणार? गाय नसलेल्या माणसाला गायरान कशासाठी, हा प्रश्न त्यांनी तेव्हा विचारला होता.

आजीच्या पत्र्याच्या पेटीत अजून दंडाच्या पावत्या आहेत. तलाठी दरसाल यायचा, अतिक्रमण म्हणून दंड लावायचा, पावती द्यायचा. आजी लिहायला-वाचायला शिकली नव्हती, पण पावती कधी फेकली नाही. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला, १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायची म्हणून. तेव्हा आमचा पुरावा काय होता? त्याच पावत्या. शिक्षेचा कागदच हक्काचा कागद झाला. आमच्या वस्तीतल्या ज्यांनी पावत्या जपल्या नाहीत त्यांचा दावा आजही लटकलाय.

२०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांची स्वतःहून दखल घेतली. राज्यात दोन लाखांहून अधिक बांधकामांचा आकडा समोर आला आणि वर्ष संपायच्या आत ती काढा असं ठरलं. नोटिसा पहिल्यांदा कोणाला आल्या? आमच्या वस्तीला. मुरमाच्या खाणीला नोटीस आल्याचं मी ऐकलं नाही. त्या महिन्यात आई रात्री झोपायची नाही, घराबाहेर गाडी थांबली की उठून बसायची.

जगपाल सिंगच्या निकालातच लिहिलंय की भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना सरकारी योजनेत दिलेल्या जमिनी अपवाद आहेत. निवेदनाला निकाल जोडताना तो परिच्छेदही जोडा. आणि ताई, तुमच्या नोंदवहीत खाण नाही आणि तीन घरं आहेत, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. ती घरं कोणाची?

माळावरची

दादा, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. ती घरं पारधी कुटुंबांची आहेत, माझ्या आठवणीत कायम तिथेच आहेत. मी पहिल्या पोस्टमध्ये त्यांच्याकडे फक्त नोंद म्हणून पाहिलं, माणसं म्हणून पाहायला हवं होतं. आज त्यांच्याकडे जाऊन आले. त्यांनाही नोटीस आली होती. कागद दाखवताना त्यातल्या आजींना वाटलं मी कार्यालयातून आलेय, त्या हात जोडून उभ्या राहिल्या. मला खूप वाईट वाटलं.

निवेदनात घरं वेगळी काढायची असं ठरवलंय. काळा कोट, असं करता येईल का?

काळा कोट

नक्की करता येईल, करायलाच हवं. मोजणीच्या नकाशात घरांखालचं क्षेत्र वेगळं दाखवायला सांगा आणि ठरावात स्पष्ट लिहा की या कुटुंबांना ग्रामसभेची हरकत नाही, त्यांचं नियमानुकूलन व्हावं, म्हणजे घरं नियमित करावीत. जमीन महसूल संहितेचं कलम ५१ त्यासाठीच आहे. कसेल त्याची, तुमची पोस्ट मी आमच्या चेंबरमधल्या ज्युनिअरना वाचायला दिली. दंडाच्या पावत्यांचा मुद्दा पुस्तकात शिकवत नाहीत.

कुसळ

वनस्पतिशास्त्र शिकवतो, गवतांवर काम करतो. मुख्य अडचण मला वेगळीच दिसते. कोर्टात झाडाला वकील मिळतो, गवताला मिळत नाही. जंगल तोडलं तर फोटो काढता येतो. गवताळ माळावर चर मारून रोपं लावली तर त्याला 'हरितीकरण' म्हणतात आणि फोटोत ते छानच दिसतं. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात माळरानं पडीक म्हणूनच रंगवलेली आहेत, त्यामुळे ताईंच्या समोरच्या माणसाने तो शब्द घरून आणलेला नाही. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात दोन कोटींपासून तेहतीस कोटींपर्यंत रोपांची लक्ष्यं वाढत गेली. खड्डे काढायला मोकळी जागा म्हणून माळ सापडला.

चराने काय होतं ते सांगतो. आपल्या दख्खनच्या माळावर माती वीतभर, खाली मुरूम. त्या वीतभर मातीत मारवेल, पवन्या, डोंगरी यांची मुळं एकमेकांत विणलेली असतात. ही बहुवर्षायू गवतं, दरसाल त्याच ठोंबातून फुटतात. पोकलेनने ती वीण फाडून मुरूम वर आणला की तिथे पहिल्या पावसात येतं ते गाजर गवत, तरवड, घाणेरी. मारवेल परत यायला किती पावसाळे लागतील सांगता येत नाही, गुरं लांब राखली नाहीत तर येतही नाही. धाविक, चंडोल उघड्या जमिनीवर अंडी घालतात. गिरिपुष्पाच्या दाट ओळींत ते राहत नाहीत.

म्हणून पुरावा तयार करा, आणि तो याच भाद्रपदात. चार काठ्यांची एक मीटर बाय एक मीटरची चौकट बांधा. माळाच्या चांगल्या भागात दहा जागी, चरांच्या भागात दहा जागी टाका. प्रत्येक चौकटीत कोणती गवतं आहेत, किती जागा उघडी आहे, किती जागेवर तण आहे ते लिहा. त्याच जागी खुणेचा दगड ठेवा, फोटो काढा, पुढच्या वर्षी परत तिथेच. शाळेतली मुलंसुद्धा हे करू शकतात. नंतर गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून ही यादी लोक जैवविविधता नोंदवहीत चढवून घ्या. २००२ च्या जैविक विविधता कायद्याची ती नोंदवही आहे, एकदा त्यात आलं की 'पडीक' म्हणणं अवघड जातं.

अमेरिकेतलं एक उदाहरण इथे उपयोगी आहे. तिथे पश्चिमेकडे केंद्र सरकारची प्रचंड चराऊ राने आहेत. अति चराईने ती उजाड झाली म्हणून १९३४ मध्ये टेलर ग्रेझिंग कायद्याने परवाने आले. पण परवाना देताना त्या विशिष्ट रानाची तब्येत कोणी तपासत नव्हतं. १९७४ मध्ये एका पर्यावरण संस्थेच्या दाव्यात न्यायालयाने सांगितलं की सगळ्या देशाचा मिळून एक अहवाल चालणार नाही, त्या त्या जागेच्या चराईचा परिणाम तपासा. १९९५ मध्ये रानाच्या आरोग्याचे निकष नियमांत आले: पाणी मुरतंय का, माती टिकतेय का, वन्यजीवांना आसरा आहे का. आपल्या २२-अ मध्ये जमीन आहे, क्षेत्रफळ आहे, पण गवताच्या तब्येतीचा एक शब्द नाही. तो शब्द तुमच्या चौकटींनी भरायचा आहे.

मेंढका

धनगराचा मुलगा आहे, नोकरी करतो, पण काकांची खांड, म्हणजे मेंढ्यांचा कळप, अजून चालते. दिवाळीनंतर कोकणात उतरायचं आणि पावसाळ्याच्या तोंडाशी माळावर परत.

कुसळ सरांचं बरोबर आहे. माळ चरल्याने मरत नाही, एकाच जागी बारा महिने चरल्याने मरतो. आमची मेंढरं दोन दिवस बसतात आणि पुढे जातात. वाटेत शेतात वाडा बसवला, म्हणजे रात्री मेंढरं शेतात बसवली, की लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य नाहीतर पैसे देतो. माळाला विसावा मिळतो, शेताला खत मिळतं.

पण जमीन महसूल संहितेचं कलम २३ कोणी वाचलंय का? गायरानावर चरायचा हक्क त्या गावच्याच गुरांना. आमच्या मेंढ्या कुठल्याच गावच्या नाहीत. गायरान वाचवायची मोहीम जिथे जिथे जोरात झाली, तिथे पुढच्या साली काकांना काठी दाखवून हाकललंय. कुंपण आलं की पहिला बाहेर कोण, मेंढका. वनहक्क कायदा, २००६ मध्ये कलम ३(१)(घ) खाली भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क लिहिलाय, पण तो वनजमिनीवर. गायरानाला तो लागत नाही.

ताई, ठरावात एक ओळ घालाल का? येता-जाता खांडीला दोन रात्री माळावर थांबायला गावाची हरकत नाही, एवढीच. शिक्का मारलेला असा ठराव काकांच्या खिशात असला की पुढच्या गावातही दाखवता येतो.

उन्हाळी पाऊस

थोडं वेगळं मत. सौर ऊर्जा हवीच आहे ना आपल्याला? शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, आमच्या भागात रात्री पाणी द्यायला गेलेल्या माणसांना साप चावलेत. प्रत्येक प्रकल्पाला विरोध केला तर पॅनेल बसवायचं कुठे?

माळावरची

विरोध पॅनेलला नाही. रात्री मोटार चालू करायला माझे वडीलही जायचे, ती भीती मला माहीत आहे. आमच्याच शिवारात जुन्या दगडखाणीची सरकारी जागा आहे, तिथे गवताची काडी नाही. ती कोणी पाहिली का, एवढंच विचारतेय.

काळा कोट

आणि कायदाही नेमकं तेवढंच विचारतो. दगडखाणीच्या जागेचा गट क्रमांक अर्जात लिहा. 'दुसरी जमीन नाही' हे वाक्य मग अधिकाऱ्याला सही करून लिहावं लागेल.

रणवाट

बन्नीत वर्षभर राहिलोय, म्हणून थोडक्यात. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात मालधारींनी, म्हणजे तिथल्या पशुपालकांनी, हरित न्यायाधिकरणात लढा दिला. सामाईक कुरणाचे तुकडे पाडून शेती सुरू झाली होती. २०२१ मध्ये अतिक्रमणं सहा महिन्यांत काढा असा आदेश मिळाला. त्यांच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट ही होती की मालधारींनी स्वतःसाठी तुकडे मागितले नाहीत, कुरण अखंड ठेवा अशी मागणी केली. राजस्थानातल्या ओरणांबाबत, म्हणजे तिथल्या देवरायांबाबत, १८ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांची पाहणी करून नोंद करायला सांगितलं. दोन्हीकडे लोकांच्या चालत आलेल्या वापराचा पुरावा कामी आला.

हरित न्यायाधिकरणात मुदत कडक आहे हे लक्षात ठेवा. कलम १४ खाली कारण घडल्यापासून सहा महिने, फार तर आणखी साठ दिवस. चर मारल्याची तारीख आजच लिहून ठेवा.

एक इशाराही. सोलापूरजवळ माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य केलं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं, शेतं, बाजारपेठा सगळं आलं. लोकांना घर बांधायला परवानगी मिळेना, पक्ष्याबद्दल राग साचला. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावं लागलं, आणि माळढोक तोवर जवळजवळ दिसेनासा झाला. वरच्या तीन घरांची आणि मेंढक्याची गोष्ट मला म्हणूनच महत्त्वाची वाटते.

माळावरची (सात आठवड्यांनी)

मंडळी, उशीर झाला, पण सांगण्यासारखं घडलंय.

मोजणी झाली. सकाळी सहाला सगळे माळावर हजर होतो, मोजणीदार, सरपंच, लगतचे शेतकरी, पारधी वस्तीतल्या आजी. जुना हद्दीचा दगड घाणेरीच्या जाळीत सापडला, तो नेमका कुठे आहे ते आजींनीच दाखवलं. मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत हातात आलीय. प्रत्यक्षात ५१ एकर भरलं. खाणीखाली सात गेलेत, उरलेले सहा लगतच्या दोन शेतांत सरकले आहेत, त्यातलं एक आमच्या चुलत्यांचं आहे. चुलते महिनाभर बोलत नव्हते. परवा बांध मागे घेतो म्हणाले.

ग्रामसभेचा ठराव झाला. दोनदा कोरम नव्हता, तिसऱ्यांदा बायका आल्या म्हणून झाला. घरांना हरकत नाही हे त्यात आहे. मेंढका, तुमची ओळही आहे, 'दोन रात्री' ऐवजी लोकांनीच 'तीन रात्री' केलं. प्रत तुम्हाला निरोपातून पाठवते.

दगडखाणीचा गट क्रमांक देऊन अर्ज केला, त्याचं उत्तर तीस दिवसांत आलं नाही. पहिलं अपील टाकलंय, सुनावणी येत्या मंगळवारी आहे. मुरमाच्या खाणीचा पंचनामा झाला, डंपर सध्या बंद आहेत.

कुसळ सर, वीस चौकटी टाकल्या. चांगल्या भागात मारवेल दहापैकी नऊ चौकटींत आहे, चरांच्या भागात एका. एक गवत ओळखता येत नाहीये: कणीस जांभळट, पेरांवर पांढऱ्या केसांचं कडं, चावलं तर किंचित गोड. फोटो उद्या उजेडात काढून टाकते, बघून सांगाल का?